जुन्या रशियन लेन्स, छोटा मिररलेस आणि बेळगावचा पाऊस : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीपासून माझ्या सोनी ए६००० या छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर त्याची स्वतःची लेन्स फारशी चढलेलीच नाही. दहा महिने जवळजवळ सगळे फोटो दोन जुन्या रशियन लेन्सवर काढले. एक जुपिटर-८, ५० मिमी एफ २ (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितकं ते मोठं). दुसरी हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २. वडगावातले माग, शिवजयंतीची मिरवणूक, किल्ल्यातली कमल बस्ती, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, सगळं यांच्यावरच. घेण्याआधी या लेन्सबद्दल बरंच वाचलं होतं. त्यांचा बोके (मागची अंधूक पार्श्वभूमी) कसा, रंग कसे, हे सगळ्यांनी सांगितलं. अडॅप्टरची (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या रिंगची) जाडी आणि दमट हवा यांबद्दल मात्र कुणी धड बोललं नव्हतं. माझ्याकडं तरी लेन्स कामाची की नाही हे याच दोन गोष्टींनी ठरवलं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी अडॅप्टर. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळं लेन्स जिथं टेकते ती कडा सेन्सरच्या अगदी जवळ असते. सोनीच्या ई माउंटला (लेन्स बसवायच्या जागेला) हे अंतर १८ मिमी. जुपिटर ३९ मिमी आट्यांची, लायकाच्या जुन्या स्क्रू माउंटची, तिला २८.८ मिमी लागतात. हेलिओस एम४२ ची, म्हणजे ४२ मिमी आट्यांची, तिला ४५.४६. मधली जागा अडॅप्टरनं भरायची, म्हणजे जुपिटरला १०.८ मिमी आणि हेलिओसला २७.४६. आत काच नाही, वायर नाही, नुसती पोकळ रिंग. म्हणूनच मला वाटलं, यात काय बिघडणार? नऊशे रुपयाचा घेतला आणि विषय सोडून दिला.

मग शिवजयंती आली. आमच्याकडं चित्ररथांची मिरवणूक संध्याकाळी सुरू होते ती पहाटेपर्यंत चालते. नरगुंदकर भावे चौकात उभं राहिलं की गर्दी, ढोल, जनरेटरचे दिवे आणि रथावर मावळ्यांच्या वेशातली पोरं, सगळं एकदमच अंगावर येतं. तिथं स्क्रीनवर मोठं करून फोकस लावायला वेळ कुठला! जुपिटरसारख्या रेंजफाइंडर लेन्सची (लेन्समधनं न बघता वेगळ्या खिडकीतनं अंतर मोजून फोकस लावणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सची) खरी सोय अशा वेळी असते. लेन्सच्या अंगावरच अंतराचे आकडे कोरलेले असतात. ३ मीटर लावायचं, अ‍ॅपर्चर एफ ४ करायचं आणि माणूस त्या अंतरावर आला की दाबायचं. मी रात्रभर असंच केलं. घरी येऊन बघतो तर समोरचा भालदार मऊ आणि त्याच्या मागचा पेट्रोमॅक्सवाला एकदम टोकदार. एक-दोन नाही, जवळजवळ सगळेच फोटो तसे. फार वाईट वाटलं. वर्षातनं एकदाच येणारी रात्र ती.

मी उद्यमबागेत, आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सोमवारी अडॅप्टर खिशात घालून नेला आणि जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटर लावला. चार ठिकाणी माप घेतलं, १०.६४ ते १०.६६. म्हणजे पंधरा शतांश मिमी कमी. स्वस्त अडॅप्टर असे थोडे बारीकच ठेवतात, कारण जाड झाला तर लेन्सचा फोकस अनंताला, म्हणजे खूप दूरच्या गोष्टीवर, पोचतच नाही आणि गिऱ्हाईक परत येतं. बारीक असला तर लेन्स अनंताच्याही पुढं जाते, तक्रार कुणी करत नाही. पण आकड्यांचा हिशेब सगळा चुकतो. माझ्या मापानं लेन्सवर ३ मीटर लावलं की प्रत्यक्षात फोकस साडेतीन मीटरच्याही जरा पुढं पडत होता. ५० मिमीला एफ ४ वर एवढी चूक पोटात घेण्याइतकी फोकसची खोली मिळतच नाही.

उपाय सोपा निघाला. अडॅप्टरच्या मागच्या प्लेटचे चार बारीक स्क्रू काढले, पितळी शिम शीटमधनं (जाडी भरायच्या पातळ पत्र्यातनं) ०.१५ मिमीची रिंग कात्रीनं कापली, काठ घासला, मधे बसवली. पुन्हा माप घेतलं तर १०.८० आलं. संध्याकाळी गच्चीवरनं येळ्ळूरच्या गडावर लेन्स धरली. रिंग शेवटाला टेकली आणि तटाची रेघ स्वच्छ उभी राहिली. आता आकडे खरं बोलतात. गणेश विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर तोच ३ मीटर, तोच एफ ४ ठेवला आणि गुलालानं माखलेले चेहरे पापण्यांच्या केसासकट आले. ज्यांच्या ओळखीत कुणी टर्नर किंवा फिटर आहे त्यांनी अडॅप्टर आला की पहिल्यांदा मापून घ्यावा. बेळगावात असा माणूस गल्लीगल्लीत मिळतो.

स्क्रीनवर बघून फोकस लावणाऱ्याला हा फरक कळणारही नाही, हे कबूल. उलट तसा फोकस लावला की या लेन्सची एक जुनी खोड निकालात निघते. सोव्हिएत जुपिटरचं माप झाइसच्या काँटॅक्सच्या हिशेबानं धरलेलं, त्यामुळं लायकाच्या रेंजफाइंडरवर ती जवळच्या अंतराला चुकते. मिररलेसवर सेन्सरलाच दिसतं ते आपल्याला दिसतं, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही. मात्र जुपिटरसारख्या सॉनार घडणीच्या (ही जुनी जर्मन रचना, पुढं सांगतो) लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकस थोडा सरकतो. म्हणून ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच फोकस लावायचा, उघड्यावर लावून मग बारीक करायचं नाही.

कॅमेऱ्यात करायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायची सोय सुरू करावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही. लेन्स किती मिमीची हे कॅमेऱ्याला कळत नसल्यामुळं ए मोडवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो ठेवला की, तो अंधारात १/६० सेकंदाला येऊन थांबतो. कमल बस्तीच्या मंडपात छताचं दगडी कमळ काढायला गेलो तेव्हा पहिले वीस-पंचवीस फोटो असेच हलले. १२०४ साली बांधलेल्या त्या जैन मंदिरात उजेड येतो तो दारातनंच, आणि या बॉडीत हात स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. तेव्हापासून एम मोड (शटरही आपणच ठरवायचं), शटर १/१६० आणि आयएसओ ऑटो. फोकसच्या कडा रंगवून दाखवणारं पीकिंग उपयोगी आहे, पण एफ २ वर त्याच्यावर विसंबू नका. नाकही रंगवतं आणि कानही. एका बटणावर मॅग्निफायर बसवा आणि डोळा मोठा करून बघा. पीकिंगचा रंगही जागा बघून बदलावा लागतो. भगव्या पताकांत लाल दिसत नाही, सुताच्या ढिगात पांढरा दिसत नाही.

आता जुपिटर. तिचा वंश जर्मन आहे. झाइसमध्ये लुडविग बर्टेलेनं १९३० च्या दशकात सॉनार काढली, तेव्हा काचेवर चमक रोखणारं कोटिंग नव्हतं. हवा आणि काच जितक्या वेळा भेटतील तितका उजेड आत उधळायचा. म्हणून त्यानं सहा भिंगं तीन गटांत चिकटवून टाकली. युद्धानंतर ती घडण सोव्हिएत रशियात गेली आणि क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तिची जुपिटर झाली. माझ्या लेन्सचा नंबर ६२ नं सुरू होतो, म्हणजे १९६२ ची. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, वजन नगण्य, अ‍ॅपर्चरला टकटक नाही, रिंग लोण्यासारखी फिरते. ए६००० वर ती इतकी बेतशीर बसते की कॅमेरा जॅकेटच्या खिशात जातो. सेन्सर लहान असल्यामुळं ५० मिमीचा कोन ७५ सारखा होतो. चेहऱ्यासाठी उत्तम.

तिचा स्वभाव मला कळला तो वडगावात, एका ओळखीच्या विणकर काकांच्या मागावर. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीतनं ऊन आडवं येतं आणि हवेत सुताची बारीक तूस तरंगत असते. नव्या लेन्सवर ती तूस कचऱ्यासारखी टोचते. जुपिटरवर एफ २ ला उजेड थोडा पसरतो, काळं पूर्ण काळं राहत नाही, आणि ती तूस धुक्यासारखी उमटते. काकांच्या गालावरची सुरकुती मात्र जागच्या जागी. एफ ४ ला लेन्स एकदम शहाणी होते, सगळं घट्ट. मला एफ २.८ च्या आसपासची जास्त आवडते. खिडकी थेट चौकटीत आली तर मात्र सगळा फोटो पांढुरका होतो. ४०.५ मिमीचं हूड लावलं, हातानं आडोसा केला, तरी थोडं राहतंच. कंप्युटरवर काळा रंग जरा खाली ओढावा लागतो. हे ज्याला नको असेल त्यानं ही लेन्स घेऊ नये.

तिची मोठी अडचण म्हणजे १ मीटरच्या आत ती येत नाही. रेंजफाइंडरच्या काळातल्या बहुतेक लेन्स अशाच. मागावर हात, धोटा, फणी हेच बघायचं असतं आणि तिथं ती हात टेकते. तिथं हेलिओस काढतो. ती अर्ध्या मीटरपर्यंत जाते.

हेलिओस जड आहे, अडॅप्टर लांब, सगळा भार पुढं. छोटी बॉडी तोंड खाली करून लोंबते, डावा हात कायम लेन्सखाली हवा. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीनं उघड-बंद करायचं. सुरुवातीला बोटं गोंधळतात, महिनाभरात न बघता होतं. तिचा गरगरणारा बोके फार गाजलेला आहे. राजहंसगडाच्या वाटेवर झाडीसमोर बहिणीचा फोटो काढला तेव्हा पानं खरंच तिच्याभोवती वळली, पण लहान सेन्सरवर चौकटीची कड कापली जाते आणि ती गरगर बरीच कमी होते. निव्वळ त्यासाठी घेणार असाल तर निराश व्हाल. मला ती जवळच्या कामासाठी हवी, आणि तिथं ती चोख आहे.

याच हेलिओसला बुरशी लागली, आणि चूक माझी. जुलैत कणकुंबीला गेलो होतो, मलप्रभेच्या उगमाकडं. दिवसभर पाऊस, दिवसभर धुकं. घरी येऊन कॅमेरा पुसला, लेन्स मात्र बॅगेतच राहिली. बॅगेचं अस्तर ओलसर होतं. तीन आठवड्यांनी मोबाईलचा टॉर्च मागनं मारला तर पुढच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. कोल्हापुरात जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडं नेली. त्यांनी उघडून पुसली, तंतू गेले, पण कडेला नखाएवढ्या जागी कोटिंग खाल्लं गेलंय. फोटोत दिसत नाही, मला मात्र ठाऊक आहे. मामा म्हणाले, "बॅग हे फिरायला न्यायचं दप्तर हाय, घर न्हवं लेन्सचं."

त्या दिवसापासून दोन्ही लेन्स हवाबंद डब्यात असतात. डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मीटर. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. नारंगी दाणे हिरवे पडले की जुन्या पत्र्यावर मंद आचेवर गरम करून परत टाकतो. त्यासाठी स्वयंपाकाचा तवा घेऊ नका. आमच्या भागात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथं काचेची काय कथा. विकत घेतानाही हाच नियम. विकणाऱ्याकडून टॉर्च मारलेला फोटो मागा, तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

रुंद (वाइड, जास्त जागा मावणाऱ्या) लेन्सबद्दल विचारतात म्हणून सांगतो. गल्लीत ७५ मिमीचा कोन फार अरुंद पडतो, पाठ भिंतीला टेकली तरी माणूस मावत नाही. पण रेंजफाइंडरच्या रुंद लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं, किरण कडेला तिरपे पडतात, आणि सेन्सरवरच्या जाड काचेमुळं कोपरे फिसकटतात. जुपिटर-१२ या तशाच रुंद लेन्सचं मागचं भिंग तर इतकं बाहेर येतं की मी ती लावायचं धाडसच केलं नाही. रुंद कामाला कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स पुरते.

या लेन्सवर फोकस हातानंच लावावा लागतो, म्हणून लग्नाची कामं करणाऱ्यानं, किंवा घरात पळणारी लहान पोरं असलेल्यानं फक्त या लेन्सवर राहू नये. ज्याला माणसाजवळ दहा मिनिटं बसायला वेळ आहे त्यानं जुपिटर जरूर घ्यावी, आणि अडॅप्टर मापून घ्यावा.

गेल्या महिन्यात काकांच्या मागावर ताण्यातला एक धागा तुटला. हेलिओस अर्ध्या मीटरवर, एफ ४, मी मॅग्निफायर लावून त्यांच्या चिमटीत फोकस शोधत होतो. बराच वेळ लागला. "काय करालास रे एवढा वेळ?" त्यांनी विचारलं.

"धागा सापडेना काका."

"मला तरी कुठं दिसतोय. हाताला कळतंय."

गाठ बसली त्या क्षणाचा एक फोटो मिळाला. परवा त्याची मोठी प्रिंट नेऊन दिली. काकांनी चष्मा चढवला, प्रिंट खिडकीकडं धरली, चेहरा नाही, हात नाही, थेट गाठीवर बोट ठेवलं आणि काकूंना हाक मारली. "ही बघ, ही सैल बसलीय. म्हणून त्या पातळाला तिथं रेघ आली."