युआनझी, सात महिने: काडी बदनाम, गुन्हा सालीचा

युआनझी ही विस्मरणावर देतात ती चिनी मुळी. सात महिने तिचा काढा घेतोय, त्यामुळे थेट मुळाच्या आतल्या लाकडी काडीवर येतो.

शान्शी प्रांतातून येणाऱ्या या मुळीचे बाजारात तीन प्रकार मिळतात. जाड मुळं अर्धवट वाळली की चोळून आतली काडी अख्खी ओढून काढतात, ती झाली 'नळी'. बारीक मुळं ठेचून काडी वेगळी केली की राहतो तो 'गर'. आणि अगदी किरकोळ मुळं काडीसकट विकतात. स्वस्त पडतात म्हणून हीच घेतली जातात आणि इथेच फसगत होते. औषध सालीत असतं, काडी नुसतं लाकूड. म्हणजे पैसे मोजायचे लाकडाचे! एक मूळ मोडून पाहा: आत पोकळी दिसली तर नळी, टणक पिवळट दांडा दिसला तर परत करा.

जुने वैद्य सांगतात की काडी पोटात गेली तर जीव कासावीस होतो. पहिल्या महिन्यातल्या मळमळीचं खापर म्हणूनच काडीवर फोडलं होतं. ते मत मागे घेतो. नळी आणली तरी मळमळ तशीच राहिली. कारण पोटाला झोंबणारी सॅपोनिनं नावाची द्रव्यं सालीतच असतात. काढ्याला येणारा साबणासारखा फेस त्यांचाच, म्हणून पातेलं निम्मंच भरावं, नाहीतर शेगडी पुसत बसावं लागतं.

खरा उपाय ज्येष्ठमध. चिनी औषधसंहितेतलं प्रमाण 100 किलो मुळीला 6 किलो, म्हणजे घरी 100 ग्रॅमला 6 ग्रॅम. ज्येष्ठमध उकळून गाळा, चोथा टाका, त्या पाण्यात मुळी घालून मंद आचेवर सगळं पाणी मुरेपर्यंत ठेवा, मग खडखडीत वाळवा. पाणी मुळी जेमतेम बुडेल इतकंच. जास्त झालं की लोक उरलेलं ओतून देतात आणि मुळीतून उतरलेला अर्कही त्यासोबत जातो. आच मोठी झाली तर बाहेरून करपते, आत कोरडीच राहते. अर्धवट वाळली तर बरणीत बुरशी. जमलं की नाही ते चावून कळतं: कच्ची मुळी घशाला खरखरते, मुरलेली किंचित गोड लागते आणि घसा शांत राहतो.

मात्रा दिवसाला 3 ते 10 ग्रॅम. मी 3 वरच थांबलो. जठराला सूज किंवा व्रण असेल, गरोदरपण असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये.

गुण? झोप लवकर लागते, छातीतला कफ सुटतो. स्मरणशक्ती वाढली असं छातीठोकपणे म्हणवत नाही. जपानमध्ये हीच मुळी 'ओन्जी' नावाने मध्यमवयीनांच्या विसराळूपणावर विकतात, पण मधुमेहींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रक्तातल्या 1,5-एजी (1,5-अॅनहायड्रोग्लुसिटॉल) या पदार्थाच्या तपासणीत आकडा जास्त म्हणजे साखर आटोक्यात, आणि तो आकडा हिच्यामुळे खोटा वाढतो, कारण तोच पदार्थ मुळीत आहे. साखर आटोक्यात असल्याचा भास होतो. तपासणीआधी डॉक्टरांना सांगाच.

आणि हिच्या जोडीला देतात ती शी चांगपू आपल्या वेखंडाची भाऊबंद खरी, पण म्हणून घरातलं वेखंड उगाळून काढ्यात घालू नका.