आतडं फुटलंय: हार्टमन की लगेच जोड?

वहिनीचं मोठं आतडं डायव्हर्टिक्युलायटिसने (आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या फुगवट्यांना सूज येणं) फुटलं, तेव्हा ठाण्याहून पुतण्याचा फोन आला, "काका, सर्जन दोन पर्याय म्हणतायत. कुठला?" फुटलेला भाग काढून पोट धुणं दोन्हींत सारखंच, फरक त्यापुढे.

हार्टमन शस्त्रक्रियेत खालचं टोक शिवून बंद करतात, वरचं पोटावर आणतात; तिथून मल बाहेर लावलेल्या पिशवीत जमतो. जोडच नाही, त्यामुळे तो गळण्याची भीती नाही. शस्त्रक्रिया लवकर आटोपते. दुसऱ्या पर्यायात टोकं तिथेच जोडतात आणि जोडाला विश्रांती म्हणून बहुधा लहान आतडं पोटावर आणून तात्पुरती पिशवी ठेवतात.

खरी गोम पिशवी काढण्यात आहे. हार्टमन उलटवणं, म्हणजे टोकं नंतर जोडणं, हे पुन्हा मोठं ऑपरेशन, आणि अनेकांचं ते कधी होतच नाही. लहान आतड्याची पिशवी काढणं त्यामानाने सोपं. नेदरलँड्सच्या २०१९च्या ‘लेडीज’ (LADIES) नावाच्या चाचणीत प्रकृती स्थिर असलेल्यांमध्ये वर्षभरात पिशवीमुक्त राहणारे जोडवाले जास्त होते.

रोजचं जगणं मात्र उलट. हार्टमनच्या पिशवीत मल घट्ट. लहान आतड्याच्या पिशवीत पातळ. ती वारंवार रिकामी करावी लागते, त्वचा सोलते, मुंबईच्या मे महिन्यात शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. खर्चाचं म्हणाल तर दुसरं ऑपरेशन दोन्हीकडे धरूनच चाला.

रक्तदाब कोसळलेला, स्टेरॉइड चालू, प्रकृती नाजूक: हार्टमन. रक्तदाब स्थिर, प्रकृती बरी, अनुभवी सर्जन हजर: जोड. पोट उघडल्यावर सर्जनने बेत बदलला तर त्याच्याशी वाद घालू नका.