हिवाळ्यातील ऊब आणि ऊर्जेचा खर्च: हीटर, हीट पंप, गॅस आणि बंद केलेल्या फटी यांची तुलना

विजेवर चालणारा साधा हीटर घ्यायचा असेल, तर ‘यांपैकी सर्वांत कमी वीज खाणारा कोणता’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाकावा. पंख्याचा ब्लोअर असो, तेल भरलेला रेडिएटर असो किंवा लालभडक होणारा हॅलोजन हीटर असो, एक युनिट (म्हणजे एक किलोवॉट-तास) विजेतून तिन्ही हीटर एक युनिट एवढीच उष्णता देतात, कारण तापणाऱ्या तारेत गेलेली वीज शेवटी उष्णतेतच बदलते. २००० वॉटचा ब्लोअर पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर दोन युनिट लागतात आणि २००० वॉटच्या तेलाच्या हीटरलाही तेवढीच लागतात. तेलाचा हीटर थर्मोस्टॅटने (ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या भागाने) बंद झाल्यावरही काही वेळ गरम राहतो, हे खरे आहे; मात्र ती ऊब तेल तापवताना आधीच खर्च झालेल्या विजेचीच असते.

मग निवड कशावरून करावी? वापराच्या पद्धतीवरून. हॅलोजन किंवा क्वार्ट्झचा हीटर हवेपेक्षा समोर बसलेल्या माणसाला थेट ऊब देतो, त्यामुळे मोठ्या किंवा उंच छताच्या खोलीत एकाच जागी थोडा वेळ बसणाऱ्यासाठी तो योग्य ठरतो. सगळी खोली तापेपर्यंत थांबावे लागत नाही आणि ती तापवण्याची वीजही वाचते. लहान खोली लवकर उबदार करायची असेल तर ब्लोअर बरा. रात्री बरेच तास ऊब हवी असेल, तेथे आवाज न करणारा आणि उघडी तापलेली तार नसलेला तेलाचा हीटर मला अधिक योग्य वाटतो.

खरा फरक पडतो तो हीटर आणि हीट पंप यांच्यात. थंड व गरम अशा दोन्ही प्रकारे चालणारा एसी म्हणजे साधारणपणे हीट पंपच असतो. तो उष्णता निर्माण करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून आत आणतो आणि त्याला लागणारी वीज मुख्यतः या वाहतुकीवर खर्च होते. थंड वाटणाऱ्या हवेतही उष्णता असतेच, त्यामुळे एक युनिट विजेत त्याच्याकडून अडीच ते चार युनिट उष्णता मिळू शकते. ही कल्पना नवीन नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच अशा यंत्राचे तत्त्व मांडले होते. येथे दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. केवळ थंड करणारा एसी हे काम करू शकत नाही, म्हणून माहितीपत्रकात ‘हीटिंग’ची क्षमता वेगळी दिलेली आहे का, ते पाहावे. दुसरे असे की, तेथे छापलेली कार्यक्षमता साधारणपणे बाहेरचे तापमान ७ अंश सेल्सियस असताना मोजलेली असते. तापमान शून्याजवळ आणि त्याखाली उतरू लागले की ती घटते, यंत्राच्या घराबाहेर बसवलेल्या भागावर बर्फ जमतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र मधूनमधून ऊब देणे थांबवते. कडक थंडीच्या प्रदेशासाठी त्या तापमानाला चालेल असे खास मॉडेलच घ्यावे लागते.

निर्णय मात्र केवळ कार्यक्षमतेवर नव्हे, तर वापराच्या तासांवर अवलंबून असतो. समजा, एका खोलीला सरासरी १.५ किलोवॉट उष्णता लागते आणि ती रोज पाच तास हवी आहे. साध्या हीटरला दिवसाला ७.५ युनिट लागतील, तर तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला २.५ युनिट पुरतील. रोज पाच युनिट वाचली तर १२० दिवसांच्या हिवाळ्यात ६०० युनिटांची बचत होते. याउलट वर्षातून जेमतेम तीस दिवस, रोज तासभरच ऊब लागत असेल, तर सगळी मिळून बचत ३० युनिटांची होते आणि तेवढ्यासाठी महागडे यंत्र बसवणे मला पटत नाही. वाचणारी युनिट आणि आपल्या बिलावरील दर यांचा गुणाकार करून तो दोन्ही यंत्रांच्या किमतीतील फरकाशी ताडून पाहावा; किती हिवाळ्यांत पैसे वसूल होतील, हे त्यातून कळते. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर दोन्ही कामे करणाऱ्या मॉडेलसाठी द्यावा लागणारा वाढीव फरकच काय तो हिशेबात धरावा.

गॅस आणि वीज यांची तुलना करणे अवघड वाटते, पण एका आकड्याने ती सोपी होते. एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे १२.७ युनिट उष्णता मिळते. उपकरणाची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरली, तर कामी येणारी उष्णता साधारण दहा युनिट होते. म्हणजे एक किलो गॅसची किंमत विजेच्या दहा युनिटांपेक्षा कमी असेल, तर साध्या विजेच्या हीटरपेक्षा गॅस स्वस्त पडतो. तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाशी तुलना करताना मात्र ती सव्वातीन ते साडेतीन युनिटांच्या किमतीहून कमी असावी लागते. या हिशेबापेक्षाही मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि त्यात मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. गॅस, कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधीही देत नाही. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गॅस गीझर बंद न्हाणीघरात किंवा पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. अशा उपकरणासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते आणि त्या वाटेने उबेचा काही भाग निघून जातो. स्वस्त वाटणाऱ्या इंधनाचा हा छुपा खर्चही धरावा लागतो.

यंत्राची निवड करण्याआधी मात्र घरातून ऊब कोठून निसटते, हे पाहणे अधिक फायद्याचे असते. बाहेर उघडणाऱ्या ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली पाच मिलिमीटरची फट असेल, त्यातून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा येत असेल आणि आतबाहेरच्या तापमानात १२ अंशांचा फरक असेल, तर त्या एका फटीतून सुमारे ६५ वॉट उष्णता सतत वाया जाते. एका काचेच्या दोन चौरस मीटरच्या खिडकीतून, तापमानातील फरक तेवढाच असताना, १४० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी असलेल्या खिडकीतून तिच्या जवळपास निम्मीच. एका काचेच्या अशा दोन खिडक्या आणि एक दार धरले, तर दहा तासांत साडेतीन युनिट होतात. नव्या काचा बसवणे खर्चिक आहे आणि केवळ एका हिवाळ्याच्या बचतीसाठी मी तो सल्ला देणार नाही. दाराखालची रबरी पट्टी, चौकटीवरची स्पंजची पट्टी आणि रात्री ओढलेला जाड पडदा यांचा खर्च मात्र यंत्रापुढे नगण्य असतो, आणि कोणताही हीटर घेतला तरी त्यांचा लाभ मिळतोच. फटी बुजवल्यावर दमटपणा साचू नये म्हणून दिवसातून एकदोनदा थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात.

तापमान किती ठेवावे, यालाही हिशेब आहे. उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतबाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. बाहेर ८ अंश असताना आत २२ ऐवजी २० अंश ठेवले, तर फरक १४ वरून १२ वर येतो आणि गरज सुमारे १४ टक्क्यांनी घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंडीच्या काळात घरात किमान १८ अंश तापमान असावे असे सुचवले आहे. वृद्ध, तान्ही बाळे किंवा आजारी माणसे असतील तर त्याहून थोडे अधिक असणे आवश्यक ठरू शकते. बिल वाचवण्यासाठी त्यांच्या खोलीत काटकसर करू नये. खोली रिकामी असताना साधा हीटर बंदच ठेवावा. हीट पंप मात्र बंद करून मग फार थंड झालेल्या खोलीत पूर्ण जोराने चालवण्यापेक्षा तापमान दोनतीन अंश खाली ठेवून चालू ठेवणे कधीकधी सोयीचे पडते.

पाणी तापवण्याच्या खर्चाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. साठवणीचा आणि झटपट तापवणारा, या दोन्ही गीझरना तेच पाणी तितकेच तापवायला जवळपास सारखीच वीज लागते. फरक असतो तो टाकी तापून राहिल्यावर होणाऱ्या नासाडीचा, आणि चोवीस तासांत किती युनिट अशी वाया जातात, हे अनेकदा गीझरवरील लेबलावर लिहिलेले असते. त्यामुळे दोन साठवणीच्या गीझरांत निवड करताना तो आकडा पाहावा. वीज वाचवण्यासाठी टाकीतील पाणी दिवसभर ४० अंशांच्या आसपास कोमट ठेवणे चुकीचे आहे, कारण त्या तापमानाला फुप्फुसांचा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. पाणी ६० अंशांपर्यंत तापवून वापराच्या वेळी थंड पाणी मिसळावे. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणारा शॉवर सहा मिनिटांत ६० लिटर वापरतो, आणि ते २५ अंशांनी तापवायला सुमारे पावणेदोन युनिट लागतात. सहा लिटरच्या शॉवरला तेवढ्याच वेळात एकाहून किंचित जास्त युनिट पुरते. चार माणसांच्या घरात हा फरक रोज पावणेतीन युनिटांच्या घरात जातो, म्हणजे वर सांगितलेल्या हीट पंपाच्या बचतीच्या निम्म्याहून अधिक, आणि तोही फक्त एक शॉवर बदलून. छतावर दिवसभर ऊन येत असेल तर सौर बंब या दोन्ही गीझरांहून स्वस्त चालतो. ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय ठेवावी लागते, एवढेच.

रात्रीपुरता प्रश्न असेल, तर खोली तापवण्याआधी अंथरुणाचा विचार करावा. १०० वॉटचे विजेचे ब्लँकेट आठ तास न थांबता चालले तरी ०.८ युनिट लागते आणि थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी, तर तेवढ्याच वेळात खोलीसाठीचा १.५ किलोवॉटचा हीटर १२ युनिट घेतो. तान्ह्या बाळांच्या किंवा ज्यांना त्वचेवरील उष्णता नीट जाणवत नाही अशा माणसांच्या अंथरुणात मात्र ते वापरू नये. त्यांच्यासाठी खोलीतील हीटरच घ्यावा.