एकच सुबक पट्टा: बीटा-टू रिसेप्टरच्या एका अँटिबॉडीचे परीक्षण

आमच्या प्रयोगशाळेने गेल्या वर्षी बीटा-टू अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर ओळखणारी, सशापासून मिळवलेली एक पॉलिक्लोनल अँटिबॉडी मागवली. हा रिसेप्टर म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश पेशीत पोहोचवणारे, पेशीपटलात बसलेले प्रथिन; आणि पॉलिक्लोनल म्हणजे त्याला धरणाऱ्या अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचे मिश्रण. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते या एकाच कुपीचे नाहीत, आणि या प्रकारच्या मालाची पारख कशी करावी हे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. आम्हाला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की पेशींना आयसोप्रोटेरेनॉलची (हा रिसेप्टर उत्तेजित करणाऱ्या औषधाची) मात्रा कित्येक तास देत राहिल्यावर किती रिसेप्टर शिल्लक राहतात आणि त्यांपैकी किती पेशीपटलावर असतात. यासाठी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत, हा सर्वांत सरळ मार्ग वाटला, आणि तिथेच आमचे चुकले.

कुपी वेळेवर आली, बर्फ शाबूत होता, मात्रा नोंदवल्याप्रमाणे होती. त्याबद्दल तक्रार नाही. माहितीपत्रकावर हृदयाच्या ऊतीचा एक ब्लॉट छापलेला होता आणि त्यावर ४७ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) जागी एकच सुबक, काळाभोर पट्टा होता. मानवी बीटा-टू रिसेप्टर ४१३ अमिनो आम्लांचा असून त्याचे हिशेबाने येणारे वजन साधारण ४७ किलोडाल्टन भरते, त्यामुळे ते चित्र पाहताक्षणी विश्वास बसावा असेच होते. मी ते पत्रक विद्यार्थ्यांच्या हाती दिले आणि कामाला लागा म्हणून सांगितले.

पहिल्या ब्लॉटचा दोष प्रामाणिकपणे आमच्याकडे घ्यायला हवा. विद्यार्थ्याने सवयीप्रमाणे नमुना ९५ अंश सेल्सियसला पाच मिनिटे उकळला आणि जेलच्या खाचेपाशी, अगदी वरच्या कडेला, एक काळा ढग अडकून बसला. पेशीपटलात सात वेळा आरपार ये-जा करणारी ही प्रथिने उकळली की त्यांचे पाणी टाळणारे भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे जेलमध्ये शिरतच नाहीत. अशा नमुन्याला ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणे पुरते. माहितीपत्रकात मात्र ‘उकळून घ्या’ असेच छापलेले होते. ज्या प्रथिनासाठी अँटिबॉडी विकायची त्याचा स्वभाव विकणाऱ्याला ठाऊक नसावा, ही पहिली खटकणारी गोष्ट.

नमुना नीट तयार केल्यावर ब्लॉटवर तीन पट्टे आले: एक ४७ च्या जागी, एक ६० च्या किंचित वर, आणि एक १०० च्या आसपास. कंपनीच्या चित्रातला पट्टा होता म्हणून विद्यार्थी खूश होता. मला त्याच पट्ट्याची शंका आली. या रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या टोकाला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात; त्यामुळे पूर्ण तयार होऊन पेशीपटलावर पोहोचलेला रिसेप्टर जेलवर ६० किलोडाल्टनच्या वर, तोही पसरट डागासारखा दिसायला हवा. साखळ्यांची लांबी प्रत्येक रेणूत सारखी नसते, म्हणून तो डाग धूसर असणे हेच खरेपणाचे लक्षण. हिशेबाच्या वजनावर बरोबर बसणारा रेखीव पट्टा हा साखळ्या नसलेल्या कशाचा तरी असणार. खात्री करण्यासाठी आम्ही साखळ्या कापणारे पीएनजीएझ-एफ हे विकर वापरले. खरा रिसेप्टर असता तर वरचा पट्टा सरकून खाली यायला हवा होता. तिन्हींपैकी एकही पट्टा तसूभर हलला नाही, आणि विकर काम करते आहे हे दाखवण्यासाठी शेजारी ठेवलेले दुसरे प्रथिन मात्र व्यवस्थित खाली आले.

एवढ्यावर निकाल देणे मला पटेना, म्हणून बीटा-टूचे जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी केलेल्या, म्हणजे ‘नॉकआउट’, एचईके २९३ या मानवी पेशी घेतल्या. आधी त्या पेशींचीच परीक्षा केली. आयसोप्रोटेरेनॉल दिल्यावर मूळ पेशींत रिसेप्टरचा संदेश पुढे नेणारा सायक्लिक एएमपी हा रेणू झपाट्याने वाढला, नॉकआउट पेशींत त्याची वाढ नगण्य होती. आणि रिसेप्टरला वळसा घालून अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकराला थेट उत्तेजन देणारे फॉरस्कोलिन दिल्यावर दोन्हीकडे भरपूर सायक्लिक एएमपी तयार झाला. म्हणजे रिसेप्टर गेला होता आणि त्याच्या पुढची यंत्रणा जागच्या जागी होती. मग दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालवले. मूळ पेशींच्या रांगेत तीन पट्टे होते. नॉकआउटच्या रांगेतही तेच तीन पट्टे, त्याच जागी, तेवढेच गडद होते. फिल्म हातात घेऊन आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. विद्यार्थ्याने मग हळूच विचारले, की रांगांची अदलाबदल तर झाली नसेल ना. पुन्हा केले, चिठ्ठ्या झाकून केले, तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या हातून करवून घेतले. फरक पडला नाही.

या मालाचे असे होणे नवीन नाही, हे इथे नमूद करायला हवे. २००९ मध्ये औषधशास्त्राच्या एका जुन्या जर्मन नियतकालिकाने या विषयावर लागोपाठ अनेक शोधनिबंध छापले होते. अ‍ॅड्रेनर्जिक आणि मस्कॅरिनिक रिसेप्टरांविरुद्धच्या बाजारातील अनेक अँटिबॉडी, ते ते रिसेप्टरच नसलेल्या उंदरांच्या ऊतींतही तसेच पट्टे दाखवतात, असे त्यांत आढळले होते. कारण या प्रथिनांच्या घडणीत आहे. रिसेप्टरचा बराच भाग पटलाच्या मेदात बुडालेला असतो, बाहेर डोकावतात ती लहान वेटोळी आणि दोन टोके. शिवाय एका पेशीत त्यांची संख्या इतकी कमी असते, की अँटिबॉडीने शंभरात एकदा जरी भलत्याच विपुल प्रथिनाला धरले तरी ब्लॉटवर तेच भलते प्रथिन ठळक दिसते. आमच्या कुपीतली अँटिबॉडी पेशीच्या आतल्या शेपटीतील एका छोट्या पेप्टाइडविरुद्ध (अमिनो आम्लांच्या तुकड्याविरुद्ध) तयार केलेली होती. रिसेप्टर उत्तेजित झाल्यावर नेमक्या याच शेपटीवर जीआरके विकरे फॉस्फेट चढवतात आणि तिथे अ‍ॅरेस्टिन हे दुसरे प्रथिन येऊन बसते. तेव्हा ती अँटिबॉडी अस्सल असती तरी औषध दिल्यानंतर पट्टा फिका झाला तर रिसेप्टर घटले म्हणून, की जागा झाकली गेली म्हणून, हा प्रश्न उरलाच असता. खरेदीपूर्वी हा विचार मी करायला हवा होता.

कंपनीच्या तांत्रिक मदतीबद्दल थोडे लिहितो. आमच्या पत्राला दोन दिवसांत उत्तर आले, भाषा सौजन्याची होती, आणि सल्ला असा होता की रोधक पेप्टाइड वापरून पाहा. पट्टे नाहीसे झाले तर अँटिबॉडी विशिष्ट आहे असे समजा. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो वर्षानुवर्षे दिला जातो. ज्या पेप्टाइडविरुद्ध अँटिबॉडी केली तेच भरपूर ओतले की तिचे हात बांधले जातात, आणि मग ती खऱ्या प्रथिनाला धरू शकत नाही तशी खोट्यालाही धरू शकत नाही. पट्टे नाहीसे होतात ते यामुळे. आमच्याकडेही ते झाले, नॉकआउटच्या रांगेतलेसुद्धा! तो ब्लॉट मी उत्तरादाखल पाठवला. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या लॉटची कुपी विनामूल्य देऊ केली. पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा दुसरा लॉट म्हणजे बहुधा दुसऱ्या सशाचे रक्त, म्हणजे जवळजवळ दुसराच माल. आम्ही तोही तपासला: पट्टे वेगळे आले, नॉकआउटमध्येही आले. नॉकआउट पेशींवर तुमच्याकडे काही पुरावा आहे का, या माझ्या थेट प्रश्नाला मात्र शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही.

अँटिबॉडी सर्वस्वी निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्लॅग टॅग (ओळखीसाठी जोडलेले छोटे पेप्टाइड) लावलेला रिसेप्टर पेशीत मुद्दाम भरमसाट तयार करवला तेव्हा तिने तो बरोबर ओळखला. धूसर पसरट डाग ६० च्या वर आला आणि पीएनजीएझ-एफने खालीही सरकला. पण त्या कामासाठी फ्लॅगची साधी मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) अँटिबॉडी अधिक स्वच्छ ब्लॉट देते, मग हिची गरज काय? पेशीत निसर्गतः जेवढे रिसेप्टर असतात तेवढ्यांसाठी ही वापरता येत नाही, आणि माहितीपत्रक तर नेमके तेच आश्वासन देते.

याच कंपनीची, फॉस्फेट चढलेले ईआरके हे संदेश पुढे नेणारे विकर ओळखणारी फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी आम्ही अनेक वर्षे वापरतो आणि तिच्याबद्दल माझे मत अगदी उलट आहे, म्हणून तेही सांगतो. उपाशी ठेवलेल्या पेशींना पाच मिनिटे ईजीएफ हा वाढ-घटक दिला की ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दोन नेटके पट्टे उमटतात. ईआरकेवर फॉस्फेट चढवणारे मेक विकर रोखणारे औषध आधी दिले की दोन्ही पुसले जातात. एकूण ईआरके तेवढेच राहते. ईआरके पेशीत विपुल असते, फॉस्फेटची जागा ठरलेली असते आणि चालू-बंद करून पाहण्याची सोय हाताशी असते, त्यामुळे ही अँटिबॉडी करणे आणि पारखणे दोन्ही सोपे. एक सूचना मात्र पत्रकात ठळक असायला हवी: ब्लॉटच्या पटलावरच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी दुधाची भुकटी वापरू नये, अल्ब्युमिन वापरावे. दुधातील केसीनवर फॉस्फेट असतात आणि पार्श्वभूमी काळवंडू शकते. ही सूचना सध्या चौथ्या पानाच्या तळटीपेत आहे. यावरून कळते की कंपनीचे नाव पाहून अँटिबॉडी घेण्यात अर्थ नाही.

आमचा मूळ प्रश्न शेवटी जुन्याच पद्धतीने सुटला. किरणोत्सर्गी लिगँड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा रेणू, वापरून रिसेप्टर मोजण्याची ही रीत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासारख्यांनी १९७० च्या दशकात रुळवली. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना ब्रायन कोबिल्का यांच्यासह याच रिसेप्टरांवरील कामासाठी मिळाले. पटलातून आत न शिरणारे ट्रिटियमयुक्त सीजीपी-१२१७७ वापरले की फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर मोजले जातात, आणि मेदात सहज मिसळणारे डायहायड्रोअल्प्रेनोलॉल वापरले की आत ओढले गेलेलेही हिशेबात येतात. दोहोंतला फरक म्हणजे आम्हाला हवे असलेले उत्तर. बीटा-वन आणि बीटा-टू वेगळे करायला बीटा-टूलाच अडवणारे आयसीआय-११८५५१ लागते, परवाने आणि कचऱ्याची विल्हेवाट ही डोकेदुखी वेगळीच. पण नॉकआउट पेशींत आकडा शून्याजवळ येतो.

मागवणाऱ्यांनी माहितीपत्रकावर नॉकआउटची रांग आहे का ते आधी पाहावे. नसेल तर पत्र लिहून मागावी, आणि उत्तरात रोधक पेप्टाइडचा ब्लॉट आला तर ऑर्डर देऊ नये. उरलेल्या दोन्ही कुप्या आमच्या उणे वीसच्या शीतकपाटात आहेत, आणि त्यांच्या झाकणांवर विद्यार्थ्याने लाल शाईने लिहिले आहे: ‘फक्त अतिरिक्त रिसेप्टर असलेल्या पेशींसाठी, इतर पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये.’