उताऱ्याबाहेरचं उत्तर : स्टोरीवीव्हर वर्गात वापरल्यानंतर

सहावीतलं पोरगं धडा खडाखडा वाचतं. जोडाक्षराला अडत नाही, विरामचिन्हाला थांबतं, ऐकणाऱ्याला वाटावं की याला सगळं समजलंय. मग विचारावं, 'तो माणूस परत का गेला असेल?' की लगेच बोट पुस्तकात फिरायला लागतं. 'परत गेला' हे शब्द असलेली ओळ सापडते आणि तीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली जाते. प्रश्न 'का'चा होता, हे त्याच्या गावीही नसतं.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी चौथी ते सातवीला शिकवते. जांबोटीच्या बाजूची शाळा, पटसंख्या कमी, दोन वर्ग एकत्र बसतात. आपल्या भागातल्या बऱ्याच मराठी शाळांची हीच स्थिती आहे, त्यामुळे हा अभिप्राय मी मुख्यतः अशाच शाळांतल्या शिक्षकांसाठी लिहितेय. विषय आहे स्टोरीवीव्हर, आणि ते आकलन शिकवायला कितपत उपयोगी पडतं हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रथम बुक्स या संस्थेनं 2015 साली हे संकेतस्थळ सुरू केलं. मुलांच्या सचित्र गोष्टी तिथे फुकट वाचता येतात, पीडीएफ उतरवून छापता येतात, आणि परवाना खुला असल्यामुळे अनुवाद करून वाटताही येतात. मराठीही आहे, कन्नडही आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानावर एखाद-दोन वाक्यं, चौथ्या पातळीत सलग वाचणाऱ्या मुलांसाठी लांबलचक मजकूर. इयत्तेनुसार विभागणी नाही, आणि मला तेच सोयीचं वाटलं. आमच्या पाचवीत दुसऱ्या पातळीवरची मुलंही आहेत आणि चौथ्या पातळीवरचीही. पुस्तकावर 'दुसरी' असं छापलेलं असतं तर पाचवीतल्या पोरानं ते लाजेनं हातात धरलं नसतं.

आता परीक्षेकडे येते, कारण प्रत्येक शिक्षकाचा पहिला प्रश्न तोच असतो : गोष्टी वाचायला वेळ कुठून आणायचा? वर्षभरात एफए (छोट्या आकारिक चाचण्या) चार, एसए (सत्राच्या संकलित परीक्षा) दोन. 2023 मध्ये पाचवी-आठवीला राज्याच्या परीक्षा मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर मूल्यमापन आलं, ते प्रकरण कोर्टात गेलं, 2024 मध्ये तर सुप्रीम कोर्टानं निकालच रोखले. त्या दिवसांत पालक रोज फाटकापाशी उभे राहून विचारायचे, 'टीचर, परीक्षा झाली, पण पोरगं पास की नापास?' त्याच वर्षी डिसेंबरात मुलांना काय येतं हे देशभर तपासणारं परखचं सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. शिवाय निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहेच. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, आणि ते समजून वाचावेत. उद्दिष्टाच्या वाक्यात 'समजून' हा शब्द आहे. पण घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं, समज मोजणं अवघड. त्यामुळे वर्गात 60 चा आकडा राहतो आणि 'समजून' गळून पडतं.

या चाचण्यांना माझा विरोध नाही. आपली मुलं कुठे आहेत हे कळायलाच हवं. प्रश्न असा आहे की चाचणीची तयारी म्हणून आपण जे करतो त्यातून वाचणं शिकवलं जातं का.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून मी 'उतारा संग्रह' नावाच्या जातीची एक कार्यपुस्तिका आणली होती. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण अशा सगळ्या पुस्तिका सारख्याच असतात. उतारा आठ-दहा ओळींचा, खाली पाच प्रश्न. ते पाचही प्रश्न असे की उताऱ्यातलं एक वाक्य उचलून 'कोण', 'कुठे', 'केव्हा' चिकटवलेलं. मुलं हे तंत्र दोन आठवड्यांत आत्मसात करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उतरवायची, पूर्ण गुण. उतारा वाचायची गरजच पडत नाही. अशी पुस्तिका वर्षभर सोडवली की मुलाच्या मनात एक नियम घट्ट बसतो : उत्तर नेहमी कागदावर असतं, आपल्या डोक्यातलं काही त्यात घालायचं नसतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या संशोधिकेनं 1970 च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. 4,469 मिनिटांच्या निरीक्षणात आकलन शिकवण्यावर गेलेली मिनिटं होती 20. बाकी वेळ मुलांना प्रश्न विचारण्यात, उत्तरं तपासण्यात, स्वाध्याय देण्यात. म्हणजे समजलं का हे विचारलं जात होतं, समजायचं कसं हे कुणी दाखवत नव्हतं. मी तो आकडा वाचला तेव्हा माझ्या ओळखीचे कितीतरी तास डोळ्यांपुढे आले. ताप मोजायची काचेची नळी शंभरदा काखेत धरली तरी ताप उतरत नाही, औषध वेगळं द्यावं लागतं.

स्टोरीवीव्हरवरच्या बहुतेक गोष्टींच्या शेवटी स्वाध्याय नसतो, आणि माझ्या दृष्टीनं हाच त्याचा मोठा गुण. गोष्ट पूर्ण असते. तिला सुरुवात असते, पेच असतो, पात्रं काही बोलतात आणि काही मनात ठेवतात. चित्रात एक गोष्ट चाललेली असते, मजकुरात दुसरी. आठ ओळींच्या उताऱ्यात 'का' विचारायला जागाच नसते. गोष्टीत असते.

आमची पद्धत अशी. पहिल्यांदा मी वाचते, मुलं फक्त चित्रं बघत ऐकतात. मध्ये एका पानावर थांबते आणि मोठ्यानं विचार करते : 'ही मुलगी काही बोलत नाहीये, पण चित्रात तिनं मूठ आवळलीय. मला वाटतं तिला राग आलाय. बघू पुढच्या पानावर.' शिक्षकानं स्वतःचा विचार असा उघडा करून दाखवणं फार महत्त्वाचं आहे. मुलांना वाटतं मोठी माणसं वाचतात आणि आपोआप समजतं. वाचताना मोठ्यांच्याही डोक्यात अंदाज बांधणं आणि मोडणं चालू असतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. दुसऱ्यांदा मुलं जोडीनं वाचतात, मोठं एक, लहान एक. एकत्र वर्गाचा इथे फायदा होतो. तिसऱ्यांदा प्रश्न मुलं काढतात. अट एकच, ज्याचं उत्तर एका ओळीत सापडतं असा प्रश्न चालणार नाही.

सुरुवातीला वर्ग गप्प बसतो. तिथे घाई करू नये. आमच्याकडे गाडं हललं ते एका छोट्या मजकुरानं, जो मीच एफएसाठी लिहिला होता : 'आजीनं एकदा वर पाहिलं. अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या शेवया तिनं घाईघाईनं सुपात भरल्या आणि नातवाला हाक मारली, "पिंजरावर ताडपत्री टाक रे लवकर!"' (पिंजर म्हणजे भाताचं वाळलेलं गवत.) प्रश्न : आजीनं घाई का केली? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, 'आजीनं शेवया घाईघाईनं सुपात भरल्या.' कागद बाजूला ठेवून मी नुसतं विचारलं, तुमच्या घरी अशी पळापळ कधी होते? सगळा वर्ग ओरडला, 'वळीव आला की टीचर!'

उत्तर प्रत्येकाला माहीत होतं. ते लिहायची परवानगी आहे हे माहीत नव्हतं, कारण उताऱ्यात 'पाऊस' हा शब्दच नव्हता. आकलन शिकवायचं म्हणजे बऱ्याच अंशी ही परवानगी द्यायची, आणि मग 'कशावरून म्हणतोस?' विचारून पुरावा मागायचा : वर पाहिलं, घाईघाईनं, ताडपत्री. कल्पनेनं काहीही लिहिणं वेगळं, आणि मजकुरातल्या खुणा जोडून निष्कर्ष काढणं वेगळं. पर्ल्स या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीच्या मुलांना नुसती माहिती शोधायला लावत नाहीत. सरळ निष्कर्ष काढणं, अर्थ लावून धागे जोडणं आणि मजकुराबद्दल मत बनवणं हेही तपासतात. म्हणजे चाचणीही चांगली असू शकते. आपल्या एफएचे प्रश्न आपणच काढतो, तेव्हा त्यातले दोन प्रश्न तरी या जातीचे घालायला कुणी अडवत नाही.

गोष्ट निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. रेक्ट आणि लेस्ली या दोन अमेरिकन संशोधिकांचा 1988 चा एक अभ्यास आहे. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख वाचनकौशल्याइतकीच, कधी जास्त काम करते. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. मेट्रोच्या फलाटावरची गोष्ट असेल तर आमची हुशार मुलंही चाचपडतात. रानातलं जनावर शेतात शिरल्याची गोष्ट असेल तर एरवी मागच्या बाकावर मान खाली घालणारा पोरगा उठून सांगतो की गवा कुठल्या वेळी भातात उतरतो आणि घरातली माणसं काय करतात. म्हणून मी सुरुवात ओळखीच्या जगापासून करते : शेत, जनावरं, बाजार, आजी. मग हळूहळू समुद्र, बर्फ, आकाशगंगा. विज्ञानावरच्या गोष्टी या संकेतस्थळावर बऱ्याच आहेत, त्यांचा मी मुद्दाम वापर करते, कारण पुढे हायस्कूलला जे उतारे येतील ते समजायला ही माहितीच लागणार आहे. मेट्रोची गोष्ट टाळायची नाही. आधी फळ्यावर मेट्रो काढायची, मग वाचायची.

सीमाभागातल्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही, चित्रं तीच. आमच्या मुलांना कन्नड शिकावंच लागतं. घरी, शेतात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड कानावर पडतं, पण लिपी नवी असल्यामुळे वाचताना सगळी ताकद अक्षरं लावण्यातच जाते. तीच गोष्ट आधी मराठीत वाचून झालेली असेल तर कन्नड पान समोर येतं तेव्हा अर्थ आधीच माहीत असतो, मूल शब्दांकडे निवांतपणे बघू शकतं. कन्नडच्या सरांनी आणि मी ठरवून एकच गोष्ट एका आठवड्यात दोन्ही तासांना घेतो. मुलं स्वतः दोन्ही पानं शेजारी ठेवून शब्द जुळवत बसतात. दोन भाषांची मुलं म्हणून ज्यांच्याकडे काळजीनं पाहिलं जातं, त्यांच्याजवळ हे बळ आहे, ते वर्गात वापरलं गेलं पाहिजे.

व्यवहाराचं थोडं. पावसाळ्यात आमच्या बाजूला वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो, कणकुंबीकडे तर विचारूच नका. त्यामुळे मे महिन्यातच पीडीएफ उतरवून ठेवाव्यात. झेरॉक्स काळीपांढरी काढली तरी चालते, पण चित्रावर अर्थ अवलंबून असेल तर एक रंगीत प्रत काढून पुठ्ठ्यावर चिकटवावी. आमच्या एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीनं, यासाठी थोडी रक्कम मंजूर केली, तुम्हीही मागून बघा. संकेतस्थळावर अनुवाद कुणालाही करता येतो, म्हणून प्रत्येक गोष्ट वर्गात नेण्याआधी स्वतः एकदा मोठ्यानं वाचावी. जीभ जिथे अडखळते ते वाक्य मी पेन्सिलीनं आपल्या बोलीत सोपं करून लिहिते. पातळीच्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. शब्द थोडे असले म्हणजे गोष्ट सोपी असतेच असं नाही.

परीक्षेचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय सहकारी शिक्षक सोडणार नाहीत. आठवड्यातले मराठीचे दोन तास गोष्टींना दिले, तरी एसएच्या गुणांत घसरण झाली नाही. अपठित उताऱ्याचा प्रश्न पूर्वी कोरा सोडणारी मुलं आता काहीतरी लिहितात, आणि जे लिहितात ते स्वतःच्या वाक्यात लिहितात. शुद्धलेखनाच्या चुका वाढल्यात, कारण ओळ उतरवण्याऐवजी वाक्य स्वतः रचतायत. त्या चुका मला चालतात, तपासताना मी त्यांचे गुण कापत नाही, वेगळ्या रंगानं दुरुस्त करून देते.

उतारा सोडवायचा सराव मी बंद केलेला नाही. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे तोच असतो : वेळ लावून वाचणं, प्रश्न आधी बघणं, गुणांप्रमाणे उत्तराची लांबी ठरवणं. तेवढ्याला तीन आठवडे पुरतात. जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचा वेळ गोष्टींचा.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी दुसऱ्या पातळीवरची, मराठी आणि कन्नड दोन्हीत असलेली एक गोष्ट निवडावी. पहिल्या आठवड्यात लेखी काहीही घेऊ नये.