एक मेथड, अनेक एपीआय: डीबी-६२४ कॉलम कुठवर साथ देतो

कुरकुंभ किंवा महाडसारख्या ठिकाणच्या मल्टिप्रॉडक्ट प्लांटमध्ये प्रत्येक एपीआयला (औषधातल्या सक्रिय घटकाला) रेसिड्युअल सॉल्व्हंटची, म्हणजे त्यात उरलेले द्रावक मोजायची, वेगळी मेथड ठेवली, तर क्यूसीचा (गुणवत्ता तपासणी विभागाचा) निम्मा दिवस कॉलम बदलण्यात आणि बेसलाइन बसायची वाट पाहण्यात जातो. त्यामुळे हेडस्पेस जीसीवर (बंद व्हायलमध्ये नमुन्यावर जमलेली वाफ तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) सगळ्यांना मिळून एकच मेथड चालवायची म्हटलं की एजिलंटचा डीबी-६२४ कॉलम (सॉल्व्हंट वेगळे करणारी बारीक नळी) बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. साइज ३० मीटर, ०.३२ मि.मी. आतला व्यास, १.८ मायक्रॉन फिल्म. यूएसपीच्या (अमेरिकन औषधसंहितेच्या) भाषेत हा जी४३. पाचपैकी चार गुण. एक का कापला, ते खाली येईलच.

आधी जमेची बाजू. फिल्म जाड असल्यामुळे मिथेनॉलसारखा हलका सॉल्व्हंटही नीट थांबतो. यूएसपीच्या ४६७ क्रमांकाच्या प्रकरणातल्या प्रोसिजर ए प्रमाणे ४० अंशांवर २० मिनिटं, मग मिनिटाला १० अंश चढत २४० पर्यंत आणि तिथे २० मिनिटं, म्हणजे एक रन तासाचा. प्लांटमध्ये वापरात असलेल्या सॉल्व्हंट्सपुरताच प्रोग्रॅम बसवला तर वेळ बराच खाली येतो. पण छाटताना ॲसिटोनायट्राइल आणि डायक्लोरोमिथेन यांच्यावर नजर ठेवा. यूएसपी या जोडीत किमान १.० रेझोल्यूशन (दोन पीकमधली, म्हणजे आलेखावरच्या शिखरांमधली, फारकत) मागते, आणि सुरुवातीचं तापमान वाढवलं की पहिली हीच जोडी चिकटते.

आता कापलेला गुण. इथाइल ॲसिटेट आणि एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या फेजवर, म्हणजे कॉलमच्या आतल्या थरावर, जवळजवळ एकमेकांवर बसतात. बेंझीन आणि १,२-डायक्लोरोइथेनही शेजारीशेजारी येतात, आणि त्यांच्या मर्यादा अनुक्रमे २ आणि ५ पीपीएम. टोल्युईन वापरणाऱ्या प्लांटला बेंझीन बघावंच लागतं, कारण ते टोल्युईनमधूनच अशुद्धी म्हणून येतं. शंका आली तर वॅक्स कॉलमवर, म्हणजे जी१६ वर, खात्री करा. ‘रिटेन्शन टाइम जुळला, म्हणजे तोच’ असं म्हणून चालत नाही. शिवाय कॉलमची मर्यादा २६० अंश. २४० वर रोज लांब होल्ड दिला की ब्लीड (आतला थर झिजून येणारा सिग्नल) हळूहळू वाढत जातं.

तरी शेअर्ड मेथड कॉलममुळे क्वचितच पडते. ती पडते डायल्युअंट (नमुना विरघळवायचा द्रव) आणि मॅट्रिक्समुळे (नमुन्यातल्या बाकीच्या पदार्थामुळे). बहुतेक एपीआय विरघळतात म्हणून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) घ्यायचा, पण हेडस्पेस ग्रेडचाच. साधा डीएमएसओ ब्लँकमध्येच (नमुना न घातलेल्या व्हायलमध्येच) नको ते पीक दाखवतो. तो १८.५ अंशांना गोठतो, तेव्हा एसीच्या खोलीत बाटलीच्या तळाशी खडे दिसले तर घाबरू नका, कोमट करून हलवा आणि मगच मोजा. हेक्झेनचा घट्ट स्टॉक डीएमएसओमध्ये केला तर तो वर तरंगतो आणि पिपेटमध्ये दर वेळी वेगळंच प्रमाण येतं. स्टॉक पातळ ठेवा, फ्लास्क झाकून ठेवा.

गणित सोपं आहे. २० मि.लि. व्हायलमध्ये ५ मि.लि. डायल्युअंट, त्यात ५०० मि.ग्रॅ. नमुना, म्हणजे १०० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. यावर डायक्लोरोमिथेनचे ६०० पीपीएम म्हणजे ६० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., मिथेनॉलचे ३००० म्हणजे ३००, आणि बेंझीनचे २ म्हणजे फक्त ०.२. एखादं एपीआय कमी विरघळतं म्हणून नमुना २० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.वर आणलात, तर बेंझीन ०.०४ वर जातं आणि एफआयडीचा (डिटेक्टरचा) दम निघतो. सगळ्यांची वजनं या एका आकड्यावरून ठरवावी लागतात.

व्हॅलिडेशनमध्ये (मेथड पुराव्यानिशी सिद्ध करण्यात) काम वाचतं ते इथे: लिनिॲरिटी (प्रमाणाबरोबर सिग्नल सरळ रेषेत वाढतो का; किमान पाच पातळ्या), स्टँडर्डची प्रिसिजन आणि एलओक्यू (भरवशाने मोजता येणारी सर्वांत लहान पातळी) एकदाच केली की पुरते. स्पेसिफिसिटी (पीकमध्ये दुसरं काही मिसळत नाही ना) आणि ॲक्युरसी (मिसळलेलं प्रमाण परत सापडतं का) मात्र प्रत्येक एपीआयला स्वतंत्र हवीच. ॲक्युरसीला तीन पातळ्यांवर तीन-तीन, अशी नऊ डिटरमिनेशन्स. ‘सगळे सारखेच आहेत’ म्हणून एकावर भागवायचा मोह होतो, आणि ऑडिटर नेमका तिथेच बोट ठेवतो. कारणही खरं आहे. हायड्रोक्लोराइड मीठ असेल तर ट्रायइथाइलअमीन मिठात अडकून राहतं, वर हेडस्पेसमध्ये येतच नाही, रिकव्हरी कोसळते. आम्लधर्मी मीठ गरम डीएमएसओत ठेवलं की डायमिथाइल सल्फाइडसारखे तुकडे निघतात. इथाइल एस्टर असलेलं एपीआय पाणी आणि उष्णतेत स्वतःच इथेनॉल सोडू शकतं, आणि बॅच उगाच फेल दिसते. व्हायल ८० अंशांवर आणि १०५ अंशांवर तापवून तुलना करा. तापमानाबरोबर स्टँडर्डच्या तुलनेत पीक वाढत गेला तर तो सॉल्व्हंट नसून विघटन असण्याचा संशय घ्या.

डीएमएफ आणि एनएमपी हे सॉल्व्हंट या मेथडमध्ये कोंबू नका. मर्यादा ८८० आणि ५३० पीपीएम असल्या, तरी डीएमएसओतून ते हेडस्पेसमध्ये फार थोडे येतात. त्यांना वेगळं लिक्विड इंजेक्शन द्या, वाद मिटतो.

नंतर नवं एपीआय जोडायचं असेल तर पूर्ण व्हॅलिडेशन पुन्हा नको. प्रोटोकॉलला पुरवणी जोडा: स्पेसिफिसिटी, नऊ स्पाइक (मुद्दाम सॉल्व्हंट मिसळलेले नमुने), त्या मॅट्रिक्समध्ये एलओक्यूची खात्री आणि द्रावणाची स्थिरता. डीएमएसओचा लॉट बदलला की नमुना लावण्याआधी नव्या लॉटच्या ब्लँकच्या दोन व्हायली चालवा. सप्टमही (व्हायलच्या झाकणातली चकती) तोच, टेफ्लॉन-सिलिकॉनचा, ठेवा. स्वस्तातला बदलून आणला की ब्लँक बिघडतो आणि कॉलम उगाच बदनाम होतो.