शाळेसमोरचं दुकान: खाजा मस्त, गल्ल्यावरची मांडणी बेकार

मालवणकडचं दुकान आहे, नाव देत नाही, हायस्कूलच्या गेटातून रस्ता ओलांडला की आलंच. आधी चांगलं सांगतो. खाजा ताजा, कुरकुरीत, गुळात आल्याचा मस्त झटका, आणि सरबत घरच्या अमृत कोकमाचं, रंगाचं पाणी नाही. चार स्टार देणार होतो पण मधल्या सुट्टीत तिथेच उभा होतो आणि दोन कापले.

गल्ल्यावर बरण्या, लिमलेट, चिंचगोळी, पेपरमिंट, आणि त्यांना चिकटून सिगारेटची उघडी पाकिटं, पाचवीतल्या पोराच्या बरोबर नाकासमोर. बाजूला खांबाला पेटता सुंभ टांगलेला, म्हणजे काडेपेटीचाही खर्च नाही. युनिफॉर्ममधलं एक पोरगं आलं, आठवी-नववीचं असेल, एक सुटी सिगारेट आणि एक पेपरमिंट घेतलं नि गेलं. मालकाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणतो, "बापाशीक व्हयी (बापाला हवी), मी काय करू?" मग बापाशीक पेपरमिंट पण व्हयी काय?

सुटी विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे आणि ती उगाच नाही हो, अख्खं पाकीट पोरांच्या खाऊच्या पैशात बसत नाही, सुटी बसते, शिवाय पाकिटाच्या 85 टक्के जागेत तो भयानक फोटो असतो तो सुटीवर कुठे दिसणार. शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे 91 मीटरच्या आसपास, तंबाखूचं काहीच विकायचं नाही हा कायदा तर 2003 चा. इथे शाळेची घंटा दुकानात कानठळ्या बसवते! दंड म्हणाल तर 200 रुपयांपर्यंत, तो भरूनही धंदा परवडत असेल.

पोरं संगतीने बिघडतात म्हणतात, पण संगत जमायला जागा लागते ना, ती इथे आयती आहे. बारावीचे दादा मागे माडाखाली ओढत उभे, सातवीचे सरबत पीत त्यांच्याकडे बघतायत, आणि एक सर पण येऊन सुंभावर पेटवून गेले (त्यांना ही पोरं दिसलीच नाहीत बहुतेक). ओढणाराच तिथे भाव खातो, मग बघणाऱ्याला काय वाटणार.

मालक माणूस तसा वाईट नाही, पोरांना उधारीवर वह्या पण देतो. पाकिटं उचलली तरी गिऱ्हाईक तुटणार नाही त्याचं, खाजासाठी लोक लांबून येतात. तोवर 2 स्टार. सरबत प्यायचं तर चारच्या आत जा, नंतर बर्फ संपतो.